वैजूताईंचं जवसाचं ठिगळ

मंगळवारी सकाळी साडेदहाला टॉमचा, म्हणजे आमच्या प्रोफेसरचा, निरोप आला की सगळ्यांनी ताबडतोब मीटिंगच्या खोलीत या. हे माझ्यामुळेच असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आदल्या दिवशी निघताना मोठ्या फ्रीझरचं दार मी नीट लावलं होतं की नुसतं लोटलं होतं, हे काही केल्या आठवत नव्हतं. उणे ऐंशी अंशांचा तो फ्रीझर. दार उघडं राहिलं तर दहा-बारा जणांचं काही वर्षांचं काम वितळून फरशीवर येणार. म्हणून जिना उतरता उतरता मी माफीचं भाषण जुळवलं. अशा भाषणांचा साठा माझ्याकडे बऱ्यापैकी आहे. खोलीत शिरलो तर सगळे उभे. खुर्च्या रिकाम्या आणि माणसं भिंतीला टेकून. टॉमनं तोंड उघडायच्या आत मी सुरू झालो. "टॉम, चूक माझी आहे. जे काही नुकसान झालंय त्याची जबाबदारी माझी." टॉम माझ्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे लाल होते. मला वाटलं, बाप रे, म्हणजे सगळंच गेलं की काय. "पराग," तो म्हणाला, "वैजू गेली. आज सकाळी. हार्ट अटॅक. श्रीकांतचा फोन आला होता." आणि मी म्हणालो, "दार मी पुन्हा तपासायला हवं होतं." ते वाक्य तयार होतं, ओठांवर होतं, ते बाहेर पडलं.

फ्रीझरचं दार बंद होतं. मी नंतर जाऊन पाहिलं. का पाहिलं ते मला विचारू नका.

याला आता सात आठवडे झाले. नवऱ्याला, श्रीकांतकाकांना, वेस्ट विंडसरच्या स्टेशनवर सोडून वैजूताई रोजच्यासारख्या घरी परतल्या, डबा घेऊन लॅबला निघणार होत्या, पण गाडी गॅरेजमध्ये लावल्यावर तिच्यातून उतरल्याच नाहीत. इंजिन बंद केलेलं, पट्टा बांधलेला; शेजारणीनं पाहिलं. वय सत्तावन्न. बरं, आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं डबा खात असताना त्या म्हणाल्या होत्या, "खांदा दुखून राहिला रे दोन दिवसांपासून. आणि इथं जबड्याखाली पण काहीतरी." मी गेली चौदा वर्षं हृदयावर काम करतो. भाषणं देतो, चित्रं दाखवतो, स्त्रियांमध्ये अटॅकची लक्षणं वेगळी असतात यावर एक अख्खी स्लाइड माझ्याकडे आहे. मी त्यांना म्हणालो, "बाम लावा." त्या म्हणाल्या, "आणून दे मग." मी आणून दिला नाही. ही एक गोष्ट झाली. तिचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. हा लेख मी दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहायला घेतला आहे.

आमची लॅब काय करते ते आधी सांगतो. अटॅक आला की हृदयाचा एक भाग मरतो आणि तो पुन्हा उगवत नाही. त्या जागी जिवंत पेशींचं एखादं पातळ ठिगळ लावता आलं तर हृदय पुन्हा नीट चालेल, अशी आशा आहे. त्या पेशींना धरून ठेवायला मऊ, जेलीसारखं काहीतरी अस्तर लागतं, आणि जगभरातल्या लॅब त्या अस्तराच्या शोधात आहेत. प्रबंधात आम्ही याला भारदस्त इंग्रजी नावं देतो. वैजूताई ठिगळच म्हणायच्या. "आपण शिंपी आहोत रे. फक्त आपलं गिऱ्हाईक टेबलावर झोपलेलं असतं, मापं नीट घ्यायची."

त्या नागपूरच्या. फार्मसी शिकलेल्या, लग्न करून इकडे अमेरिकेत आल्या, आणि नवऱ्याच्या व्हिसावर आल्यामुळे सहा वर्षं त्यांना नोकरी करता आली नाही. त्या सहा वर्षांबद्दल त्या फारसं बोलायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या होत्या, "इथल्या लायब्ररीतल्या लहान मुलांच्या सगळ्या गोष्टींची पुस्तकं मी वाचली आहेत. मुलगी दोन वर्षांची होती, तिला काही कळत नव्हतं. मीच वाचत होते." मग कागदपत्रं झाली आणि त्यांनी टॉमच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुवायचं काम धरलं. बाटल्या धुता धुता कोणाचं काय बिघडतंय ते त्या बघत राहायच्या आणि एके दिवशी त्यांनी एका पोस्टडॉकला, म्हणजे पीएच.डी. झालेल्या संशोधकाला, सांगितलं की तुझं द्रावण चुकतंय, मीठ दोनदा घालतोस. चुकतच होतं. पाच-सहा वर्षांत लॅबचा सगळा कारभार त्यांच्याकडे आला. पीएच.डी. नाही, त्यामुळे शोधनिबंधात त्यांचं नाव नेहमी मधे कुठेतरी, किंवा शेवटी आभारात. "मी आभारातली बाई आहे," असं त्या स्वतःची ओळख करून देताना सांगायच्या आणि समोरचा अमेरिकन माणूस गोंधळून हसायचा.

मी सांगलीहून इंजिनीअर होऊन टॉमच्या लॅबमध्ये पीएच.डी.ला आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांच्या हाती लागलो. उपकरणं निर्जंतुक करायला लॅबमध्ये एक मोठा वाफेचा कुकर असतो. मी त्यात प्लास्टिकच्या चारशे बशा ठेवल्या. नव्या कोऱ्या, आधीच निर्जंतुक करून आलेल्या. त्या तशा असतात हे खोक्यावर लिहिलं होतं, पण मी खोका वाचायच्या आधी फेकून दिला होता. अर्ध्या तासानं दार उघडलं तर आत खरवसासारखा एक मोठा पांढरा गोळा. वैजूताई आल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "इंजिनीअर ना रे तू?" "हो." "कोणत्या विषयातला?" मी सांगितलं. "मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तो गोळा माझ्या हातात दिला. "सोमवारच्या मीटिंगमध्ये घेऊन ये. काय केलं ते उभं राहून सांग."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय पोस्टानं कळवतो?"

मी सोमवारी तो गोळा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मग टॉम इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मग मागून एक चिनी विद्यार्थी उठला आणि म्हणाला, मीपण मागच्या वर्षी हेच केलं होतं, पण मी तो गोळा माझ्या बॅगेतून घरी नेला. त्यावर अजून एकजण उठली... त्या दिवसापासून आमच्याकडे रिवाज पडला. सोमवारी कोणी निकालाचं चित्र दाखवायच्या आधी आठवड्यात काय चुकलं ते सांगायचं. आधी चूक, मग निकाल. वैजूताईंचं म्हणणं सोपं होतं. "चूक लपवली की ती दुसऱ्याच्या कामात जाऊन बसते. मग तो शोधत राहतो बिचारा, आपल्या कामात काय चुकलं म्हणून." पहिली त्या स्वतःची सांगायच्या, अगदी लेबलवर तारीख चुकली इतकी छोटी का असेना. मी तर या प्रकारात नावारूपाला आलो. माझी पाळी असली की शेजारच्या लॅबमधली दोघं-तिघं कॉफी घेऊन दाराशी उभी राहायची. मी वजनकाट्यावर कोपर टेकवून महिनाभर चुकीची वजनं घेतली. मी परदेशी पाहुण्यांना लॅब दाखवताना स्वतःला थंड खोलीत कोंडून घेतलं आणि ते बाहेरून काचेतून हात हलवत राहिले, त्यांना वाटलं हे दाखवण्याचाच भाग आहे. हे सगळं मी रंगवून सांगायचो. चुका सांगायला धीर लागतो असं म्हणतात. ज्या चुकीनं कोणाचं काही जात नाही, ती सांगायला काही लागत नाही. टाळ्या मिळतात.

आता जवसाकडे येतो. विदर्भातल्या घरात जवसाची चटणी असतेच, वैजूताईंच्या डब्यात तर रोज. एकदा लाडवासाठी जवस भिजत घातले आणि विसरल्या. दुसऱ्या दिवशी पातेल्यात लांबच लांब ताणला जाणारा बुळबुळीत चीक तयार झालेला. आपण ते ओतून दिलं असतं. त्यांनी बोट बुडवून उचललं, बघितलं, आणि डब्यातून लॅबला घेऊन आल्या. "पराग, हे बघ. आपण अस्तर शोधून राहिलो ना? हे कसं वाटतं?" मी म्हणालो, "शेंबडासारखं." "हृदयाला शेंबूड चालते का ते बघू," त्या म्हणाल्या. दोन वर्षं, आपलं रोजचं काम संपवून, त्या हा चीक स्वच्छ करत राहिल्या, गाळत राहिल्या, त्यात प्रथिनं मिसळून बघत राहिल्या. शेवटी एक स्वच्छ, पारदर्शक, थोडासा लवचीक जेल तयार झाला. टॉमनं तो बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाला, "वैजू, हे चाललं तर निबंधावर पहिलं नाव तुझं." मी तिथे होतो. वैजूताई नुसत्या "ओके" म्हणाल्या आणि बाटल्या धुवायला निघून गेल्या. बेसिनपाशी त्या बराच वेळ होत्या. नळ मात्र बंद होता.

चाचणीसाठी माणसाच्या हृदयाच्या पेशी लागणार होत्या. आजकाल त्या लॅबमध्ये तयार करता येतात, आमच्याकडे तेव्हा ती सोय नव्हती. एका शस्त्रक्रियेत काढलेला छोटासा तुकडा रुग्णाच्या परवानगीनं आमच्याकडे आला, त्यातून पेशी मिळाल्या, आणि त्या एकाच प्रयोगापुरत्या होत्या. तशा पुन्हा कधी मिळतील याचा भरवसा नव्हता. वैजूताईंनी त्या जेलवर पसरल्या आणि कोपऱ्यातल्या खोलीतल्या छोट्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. इन्क्युबेटर म्हणजे पेशी वाढवायचं कपाट; आत अंगाइतकी ऊब, आणि हवा दमट राहावी म्हणून तळाशी पाण्याचा ट्रे. त्या छोट्या कपाटात फक्त त्यांच्याच बशा होत्या. चार दिवस पेशी जगल्या तर जेल चांगला, असं ठरलं होतं.

ट्रेमध्ये पाणी भरायची त्या आठवड्यातली पाळी माझी होती. बेसिनजवळ शुद्ध पाण्याचा एक पांढरा कॅन असायचा. त्याच आठवड्यात सांडलेलं पुसायला म्हणून मी पाण्यात ब्लीच, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक, कालवून ठेवलं होतं. तेही पांढऱ्या कॅनमध्ये. त्यावर लेबल लावायचं होतं, पण पेन दिसलं नाही. म्हटलं, जेवून येऊन लावू. गुरुवारी संध्याकाळी मी ट्रे भरला. सोमवारी सकाळी त्याच कॅनमधलं पाणी काचा पुसायला घेतलं, ते माझ्या नव्या निळ्या पँटवर उडालं, आणि बघता बघता मांडीवर पांढरे डाग उमटायला लागले. मी ते डाग बघत उभा राहिलो. चार दिवस त्या बंद कपाटात पेशींच्या अवतीभोवती ब्लीचचीच वाफ होती. मग पळत कोपऱ्यातल्या खोलीत गेलो. ट्रे बाहेर काढला, ओतला, तीनदा धुतला, शुद्ध पाणी भरून परत ठेवला, दार लावलं. बशांकडे बघितलं नाही. दहा मिनिटांत वैजूताई आल्या. केसात मोगऱ्यासारखं काहीतरी कृत्रिम फूल माळलं होतं, त्या दिवशी मुद्दाम. मी एप्रन पुढे ओढून डाग झाकले. त्यांनी इन्क्युबेटर उघडला आणि थांबल्या.

"पराग, इथं स्विमिंग पूलसारखा वास येऊन राहिला का?"

"मी आत्ता फरशी पुसली," मी म्हणालो.

त्या "अच्छा" म्हणाल्या. मग बशा घेऊन मायक्रोस्कोपपाशी बसल्या. सहाच्या सहा बशा एकेक करून बघितल्या, पुन्हा पहिल्यापासून बघितल्या. मी तिथेच उभा होतो. "मेल्या," त्या म्हणाल्या. "सगळ्या."

त्याच आठवड्यात टॉमकडून माझ्या व्हिसाच्या अर्जासाठी पत्र निघायचं होतं. पीएच.डी. संपत आली होती, तो मला नोकरीवर ठेवणार होता, आणि चारशे बशांचा माणूस म्हणून माझी ख्याती आधीच होती. मी ठरवलं, पत्र हातात येऊ दे, मग सांगू. एकाच आठवड्याचा प्रश्न होता. मीटिंग त्या दिवशी दुपारी होती. आधी चूक, मग निकाल. वैजूताई उभ्या राहिल्या, केसातलं ते फूल तोवर कुठे गेलं होतं कोण जाणे, आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. जवसाचा जेल पेशींना विषारी आहे. मी तो नीट तपासल्याशिवाय इतक्या मौल्यवान पेशी त्यावर घातल्या. घाई केली." आणि त्यांनी पेशी देणाऱ्या त्या अनोळखी रुग्णाची माफी मागितली. इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द जुळवत. माझी चूक त्यांनी स्वतःची म्हणून सांगितली आणि मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत एप्रन मांडीवर ओढून बसलो होतो.

पत्र शुक्रवारी मिळालं. पुढच्या सोमवारी मी सांगितलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग जेलचा विषयच निघेनासा झाला आणि जो विषय निघत नाही तो कसा काढणार, अशी मी स्वतःची सोय करून घेतली. नऊ वर्षं. या नऊ वर्षांत मी त्यांच्या हातची चटणी शेकडो वेळा खाल्ली, त्यांनी माझ्या बायकोच्या डोहाळजेवणाला साडी नेसून फ्रीमाँटपर्यंत विमानानं येऊन गाणी म्हटली, कारण आम्ही तेव्हा वर्षभर तिकडे होतो. परत आल्यावर माझ्या लेकीला त्यांनीच पोहायला शिकवलं. तलावाच्या काठावर मी जात नसे. बायको विचारायची, "तुला क्लोरीनची ॲलर्जी कधीपासून?" मी एकच गोष्ट केली: लेबलं. मी लॅबमध्ये प्रत्येक वस्तूला लेबल लावायला लागलो. पाण्याला, ब्लीचला, साखरेच्या डबीला, लेबलांच्या खोक्याला. नवीन विद्यार्थ्यांना माझी नक्कल कशी करायची हे शिकवावं लागत नाही, आपोआप येतं. वैजूताई म्हणायच्या, "एक दिवस हा माझ्या कपाळावर पण लेबल लावते की नाही बघ."

त्या गेल्यानंतर चार आठवड्यांनी टॉमनं मला बोलावलं. त्यांचा फ्रीझरमधला कप्पा रिकामा करायचा होता, जागा हवी होती. "काय ठेवायचं, काय टाकायचं ते तू ठरव, तुला माहिती आहे," तो म्हणाला. "चालू कामाचं ठेव. जुन्या, फसलेल्या गोष्टी टाकून दे. शुक्रवारपर्यंत." मी जाड हातमोजे घालून कप्पा उघडला. सगळ्यात मागे, बर्फाच्या थराखाली, एक खोका. आत चाळीस छोट्या कुप्या, प्रत्येकीत चिमूटभर पांढरी भुकटी. जवसाचा जेल वाळवून ठेवलेला. विषारी ठरलेली वस्तू त्यांनी नऊ वर्षं जपून ठेवली होती. माझ्या दुसऱ्या हातात लाल पिशवी होती, जाळायच्या कचऱ्याची. खोका पिशवीत टाकला असता तर कोणी काही विचारलं नसतं. टॉमनं तसं सांगितलंच होतं. मी इतका वेळ उभा राहिलो की फ्रीझर ओरडायला लागला, दार उघडं आहे, दार उघडं आहे. मी खोका परत ठेवून दार लावलं आणि त्यांचं बाकीचं सामान, स्वेटर, चपला, चटणीचा डबा, घेऊन त्यांच्या घरी गेलो.

श्रीकांतकाका एकटेच होते. मुलगी बेलव्ह्यूला परत गेली होती, नोकरी आहे. त्यांनी चहा केला. तो इतका वाईट होता की नक्कीच लग्नानंतरचा पहिला असावा. मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, की ते जवसाचं काम फसलं तेव्हा ताई घरी काही बोलल्या होत्या का. काका हसले. "बोलली कुठे? तीन दिवस गप्प होती. मग भांडी घासता घासता म्हणाली, श्री, विचार करायचं काम माझं नाही, बाटल्या धुवायचं आहे, मी उगाच भलतीकडे गेले. त्यानंतर तिनं स्वतःचं असं काही केलं नाही. टॉम दोनदा म्हणाला तिला. नाही म्हणाली." 

मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. कॅन, लेबल, पँट, ट्रे, फरशी पुसली म्हणालो ते, पत्र, सगळं. पहिल्यांदाच एखादी चूक मी रंग न भरता सांगत होतो, त्यामुळे ती फार लवकर संपली. काका खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं ते मला जा म्हणतील, किंवा ओरडतील, किंवा, आणि याची मला खरी आशा होती, म्हणतील की जाऊ दे रे, तिनं तुला माफ केलं असतं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही.

"ती मला विचारायची," ते म्हणाले, "स्विमिंग पूलसारखा वास होता श्री, तो कुठून आला असेल. मी म्हणायचो, तुला भास झाला." ते थांबले. "मी पण म्हणायचो, भास झाला."

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हात वर केला. "मला सांगून काय होणार पराग? मी रेल्वेच्या सिग्नलचं सॉफ्टवेअर लिहितो. जिथे सांगायचं तिथे सांग." दारापर्यंत ते आले. एरवी ते गाडीपर्यंत येतात.

सोमवारी मी पहिला उभा राहिलो. माझी पाळी असल्यावर कॉफी घेऊन येणारे दोघं दाराशी होते. मी सुरुवात केली तेव्हा ते नेहमीसारखे हसले, पँटच्या डागांना तर टॉमही हसला. मग हळूहळू एकेक जण हसायचा थांबला. मी फ्रीझरमधल्या खोक्यापर्यंत येऊन संपवलं तेव्हा टॉमनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यानं विचारलेला प्रश्न एकच होता. "कोणत्या आठवड्यात?" मी सांगितलं. "ज्या आठवड्यात मी तुझं पत्र लिहीत होतो," तो म्हणाला. मी हो म्हणालो. आता तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. बरोबरच आहे.

मीटिंगनंतर ऋतुजा माझ्या मागे आली. ही आमची सगळ्यात तरुण विद्यार्थिनी, पुण्याची, वैजूताईंनीच घडवलेली. त्यांच्या जाण्यानंतर महिनाभर ही मुलगी जेवणाच्या सुट्टीत कोणाशी बोलली नव्हती. "परागदादा, म्हणजे साखरेच्या डबीवरचं लेबल..." "हो." "आम्ही हसायचो तुम्हाला. त्यापण हसायच्या." तिचा आवाज चढला. "त्या हसायच्या तेव्हा तुम्ही काय करायचात?" "मीपण हसायचो," मी म्हणालो. तिनं हात पुढे केला. मग म्हणाली, "मला तो खोका द्या. पेशी आता माझ्याकडे आहेत, हव्या तितक्या. मी लावते." आणि मग, जाता जाता, "इन्क्युबेटरच्या जवळ तुम्ही यायचं नाही यार, प्लीज."

मी गेलो नाही. पुढच्या सोमवारी तिनं भुकटी भिजवून जेल केला, पेशी पसरल्या. मंगळवार, बुधवार, गुरुवार मी माझ्या टेबलावर बसून आकडेमोड करत होतो असं कोणीही शपथेवर सांगेल. काय आकडे होते ते मला आठवत नाही. जगल्या तर काय, आणि मेल्या तर काय, या दोन्हींपैकी मला काय हवंय हेच ठरत नव्हतं. मेल्या, तर वैजूताई बरोबर होत्या, जेल खरंच वाईट होता, आणि माझ्या ब्लीचनं काही बिघडलं नव्हतं. मी स्वतःला ते मागताना दोनदा पकडलं. 

शुक्रवारी भर दुपारी ऋतुजाचा मेसेज आला. "दादा, खाली या." बाकी काही नाही. कोपऱ्यातल्या खोलीत ती मायक्रोस्कोपच्या बाजूला उभी होती, हाताची घडी घालून. तोंडावरून काही कळत नव्हतं. "बघा," ती म्हणाली.

मी वाकलो तर मला काहीच नीट दिसेना. दोन वेगवेगळे गोल, एकमेकांवर अर्धे चढलेले. मी डोळे चोळले, पुन्हा वाकलो, तेच. मग लक्षात आलं. त्या मायक्रोस्कोपच्या दोन्ही नळ्या एकमेकींच्या अगदी जवळ सरकवलेल्या होत्या, जाऊ शकतील तितक्या जवळ. वैजूताईंचे डोळे जवळ होते. तो जुना मायक्रोस्कोप त्याच वापरायच्या, बाकी आम्ही सगळे नव्या खोलीत जातो, आणि चुकून कोणी त्यावर बसून नळ्या लांब केल्या तर बाहेर कॉरिडॉरमध्ये ऐकू यायचं, "कोणी हलवलं रे हे?" सहा आठवडे ते तसंच होतं. शेवटच्या दिवशी त्या जिथे ठेवून उठल्या, तिथे.

"तू कसं बघितलंस?" मी विचारलं.

"एका डोळ्यानं," ऋतुजा म्हणाली.

मी डावा डोळा मिटला. आधी धूसर, मग हळूहळू स्पष्ट. पेशींचा एक पातळ पापुद्रा, कडेपासून कडेपर्यंत. तो आकसला. मला वाटलं माझीच मान हलली. मी श्वास रोखला. तो पुन्हा आकसला, सैल झाला, थांबला, पुन्हा आकसला, सगळा एकदम, एकाच लयीत... सहापैकी चार बशांमध्ये असं होतं. दोन बशांत नव्हतं. टॉम आला, त्यानंही वाकून पाहिलं, त्यानं नळ्यांना हात लावला आणि ऋतुजानं त्याच्या मनगटावर हात ठेवला, तेव्हा त्यालाही कळलं. बराच वेळ पाहून तो म्हणाला की चार म्हणजे काही सिद्ध होत नाही, अजून दोनदा करा. बरोबर आहे. वैजूताईंनीही हेच सांगितलं असतं. निबंध झालाच तर पहिलं नाव कोणाचं, हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

दुसरी खेप कालपासून सुरू आहे. ट्रेमधलं पाणी ऋतुजा स्वतः भरते. मला आता खोलीत यायची परवानगी आहे, दिवसातून एकदा, कशालाही हात न लावता. मी जातो, वाकतो. मान दुखते, आणि मिटलेल्या डोळ्यातून थोडं पाणी येतं, ते फार वेळ मिटून ठेवल्यामुळे असेल. नळ्या सरकवायला एक सेकंद लागतो. आम्ही तिघंही एकाच डोळ्यानं बघतो आहोत.